चुनखडीच्या मॅडम

मॅडमना घरी जेवायला बोलवायचं म्हणजे आपली फरशी पणाला लावायची, हे आमच्या कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या पर्समध्ये डोळ्यांच्या औषधाची एक रिकामी बाटली असायची. ती धुऊन तिच्यात केमिस्ट्रीच्या लॅबमधून आणलेलं पातळ अॅसिड भरलेलं असे. कुठंही दगड दिसला की मॅडम पदर खोचून खाली वाकायच्या, एक थेंब टाकायच्या आणि कान लावायच्या. फसफसला तर चुनखडीच्या कुळातला. नाही फसफसला तर मॅडमचा त्याच्यातला रस तिथंच संपला.

उपप्राचार्यांनी नवीन घर बांधलं तेव्हा ते दारात उभं राहून प्रत्येक पाहुण्याला सांगत होते, "राजस्थानातून मागवलाय संगमरवर." मॅडम चप्पल काढायला वाकल्या त्या वाकलेल्याच राहिल्या. एक थेंब टाकला. काही नाही. दुसरा टाकला. मग चष्मा वर करून म्हणाल्या, "सर, हे संगमरवर नाही जी. संगमरवर असता तं फसफसला असता. तुमाले कोणीतरी साधी टाइल देली." त्या दिवशीची पंगत फार शांततेत उठली. परत येताना मी म्हटलं, "मॅडम, आज सांगायचं कशाला?" तर म्हणाल्या, "म्या काय केलं? दगड खोटं बोलत नाही. बोलते तो ठेकेदार."

यवतमाळातल्या आमच्या कॉलेजात त्या भूगोल शिकवायच्या आणि मी मराठी. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी शेजारी होती, बावीस वर्षं. सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, डब्यात ज्वारीची भाकर आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. यवतमाळच्या काळ्या दगडावर त्यांचा राग होता. "आपल्या प्राचार्यांसारखा हाय तो," त्या म्हणायच्या, "कितीबी थेंब टाका, फरकच पडत नाही." त्यांचं माहेर मारेगावकडचं. तिकडे चुनखडी निघते. त्यांचे वडील हयातभर चुनाभट्टीवर कामाला होते. त्यांच्या हाताच्या भेगांत चुना बसलेला असे आणि भाकरीचा तुकडा मोडताना त्यांना झोंबायचं. हे मॅडमनी मला एकदाच सांगितलं आणि लगेच माझ्या डब्यातलं लोणचं उचललं.

चुनखडीचा धडा आला की मॅडमच्या अंगात यायचं. पाणी दगडाला कसं विरघळवतं, त्याच्या पोटात गुहा कशा होतात, समुद्राच्या काठाला लाटा त्या कशा कोरत जातात, हे त्या हातवारे करून सांगायच्या. पोट्ट्यांना हसू यायचं, कारण फळ्यावर काढलेली गुहा दरवर्षी चुलीसारखी दिसायची. मी एकदा म्हटलं तसं. त्या म्हणाल्या, "तू कवितेत समुद्र शिकवते, म्या नकाशात शिकवतो. पाह्यला दोघींनीबी नाही. हासू नोको."

मग त्या निवृत्त झाल्या. माझी दोन वर्षं उरली होती. मॅडमचे यजमान लेक शाळेत असतानाच गेले होते. ती लेक पुढे नर्स झाली आणि माल्टाला गेली. माल्टा म्हणजे भूमध्य समुद्रातलं एक चिमुकलं बेट. आपल्या जिल्ह्यात टाकलं तर शोधावं लागेल. लेकीनं तिकडून एक फोटो पाठवला. समुद्राच्या काठाला पांढऱ्या पिवळ्या खडकाची भिंत, तिच्यात पाण्याच्या पातळीवर काळं तोंड, आणि खाली लिहिलेलं, आई, हे बघ तुझी चूल.

मॅडम फोन घेऊन माझ्या घरी आल्या. फोटो मोठा करून करून त्यांनी त्या खडकाचे थर मोजले. "हे वरचं तोंड फसवं हाय," त्या म्हणाल्या. "खरी गुहा पाण्याच्या खाली असन. लेक म्हणते, लोक पाठीवर हवेची टाकी बांधून जातात आत."

"जाऊ द्या त्यांना," मी म्हटलं.

"म्याबी जातो."

मॅडमना पोहता येत नव्हतं. वय अठ्ठावन्न पूर्ण. डावा गुडघा दुखरा. मी हे सगळं त्यांना ऐकवलं. त्या म्हणाल्या, "म्हणूनच आधी पोहणं शिकतो. म्या काय येडी हाय?"

त्यांनी जलतरण तलावावर बायकांच्या सकाळच्या बॅचमध्ये नाव घातलं. गळ्यापासून घोट्यापर्यंत अंग झाकणारा काळा पोशाख मागवला आणि तो घालून, वर टॉवेल पांघरून त्या ऑटोतून जायच्या. पहिला महिना कठड्याला धरून पाय मारण्यात गेला. दुसऱ्या महिन्यात शिकवणाऱ्या मुलीनं कठडा सोडवला तर मॅडमनी तिचीच मान धरली. तिसऱ्या महिन्यात मात्र त्या तरंगल्या. सहाव्या महिन्यात तलाव या टोकाकडून त्या टोकाकडे न थांबता आठ वेळा कापला आणि बाहेर येऊन मला फोन केला, "बुडली नाही वं!" भाजीवालीनं विचारलं, "कायले मॅडम या वयात?" तर म्हणाल्या, "बुडाचंच असन तं याच वयात परवडते. तरुणपणी नोकरी होती."

डॉक्टरांचा कागद लागत होता. डॉक्टर मॅडमचे जुने विद्यार्थी. त्यांनी कान, नाक, छाती, सगळं तपासलं. रक्तदाब दोनदा घेतला, कारण पहिल्यांदा स्वतःचाच विश्वास बसला नाही. "मॅडम, तुमच्या वयाचे लोक माझ्याकडे गुडघे बदलायला येतात," ते म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "सही कर. भूगोलात तुले पास म्याच केलं."

"मले एकटीले विमानात घाबरल्यासारखं होईन," असं सांगून त्यांनी मलाही बरोबर घेतलं. खोटं होतं ते. मुंबईपासून त्या खिडकीला नाक लावून बसल्या आणि मीच आसनाचा हात धरून राहिले. अॅसिडची बाटली विमानात चालणार नव्हती. म्हणून त्यांनी अंगणातल्या झाडाची लिंबं घेतली होती. लेकीच्या घरी पोचलो. लेक रडत गळ्यात पडली आणि मॅडमचा हात तिच्या पाठीवरून मागच्या भिंतीकडे गेला. नखानं खरवडून पाहिलं, लिंबू पिळलं, कान लावला.

"माय वं! फसफसते!"

पुढचे दोन दिवस आम्ही ते गाव लिंबानं तपासलं. घरं, कुंपणं, रस्त्याची कड, चर्चच्या मागची पायरी. सगळं चुनखडीचं. मॅडमच्या चेहऱ्यावर माहेरी आल्याचा भाव. "अख्खं गावच आपल्या कुळातलं हाय वं," त्या म्हणायच्या. मी आपली मागं, येणाऱ्याजाणाऱ्यांकडे पाहून उगाच हसत.

पाण्याखाली जायला शिकवणारे गृहस्थ साठीचे, पिकल्या केसांची शेंडी बांधलेले, कमी बोलणारे. मॅडम त्यांना पाणमास्तर म्हणायच्या आणि ते त्यांना 'मादाम'. शिक्षण चार दिवसांचं, किनाऱ्यालगतच्या उथळ खाडीत. अंगाला घट्ट रबरी कपडा, त्यावर फुगणारं जाकीट, पाठीवर लोखंडी टाकी, कमरेला शिशाची वजनं, पायात बदकाचे पंजे. हे सगळं चढवल्यावर मॅडम खडकावरून चालत निघाल्या की पोत्याला पाय फुटल्यासारखं दिसे. मी काठावर. माझ्याकडे त्यांचा चष्मा, साडी आणि चिवड्याचा डबा.

पाण्याखाली बोलता येत नाही. हातानं खुणा करायच्या. अंगठा आणि बोट जुळवून गोल केला तर ठीक आहे. अंगठा वर केला तर मला वर जायचंय. मॅडमनी हे वहीत लिहून घेतलं होतं. पण बत्तीस वर्षं वर्गात 'शाब्बास' म्हणून अंगठा दाखवलेला हात तो. खाली एक रंगीत मासा दिसला, मॅडमनी खूश होऊन अंगठा वर केला. पाणमास्तरांनी काळजीनं त्यांना वर आणलं. पुन्हा खाली गेले. पुन्हा काहीतरी छान दिसलं, पुन्हा वर. तिसऱ्यांदा वर आल्यावर मॅडमनी तोंडातली नळी काढून मला ओरडून सांगितलं, "मी छान म्हणून राह्यली, अन् हा मले वर आणून राह्यला!" दुसऱ्या दिवशी पाणमास्तरांनी त्यांच्या अंगठ्याला लाल चिकटपट्टी गुंडाळली. तेव्हापासून अंगठा हलला की मॅडम दचकून त्याच्याकडे बघायच्या.

पाचव्या दिवशी गुहा.

सकाळची वेळ होती. लेक ड्यूटीवर होती, म्हणून काठावर मी एकटी. खडकात कोरलेल्या पायऱ्या, खाली लोखंडी शिडी, आणि त्याखाली इतकं स्वच्छ पाणी की तळ दिसतो आणि तो खोल आहे हे खरं वाटत नाही. गुहेचं तोंड काठापासून थोडं डावीकडे, तीन मजले खाली. पाणमास्तरांनी वाळूवर काडीनं गुहा काढून दाखवली. आत मोठी खोली आहे. जिथून दार दिसेल तिथपर्यंतच जायचं, त्याच्यापुढे नाही. मॅडमनी मान डोलावली. त्यांची गुहासुद्धा चुलीसारखीच निघाली होती, पण मॅडम हसल्या नाहीत. तेव्हाच मला काहीतरी वेगळं वाटलं.

ती दोघं गेली. पाण्यावर बुडबुड्यांच्या दोन रांगा उमटल्या, त्या डावीकडे सरकत गेल्या. खडकापाशी थांबल्या. तिथंच बराच वेळ वर येत राहिल्या. मग परत फिरल्या.

मॅडम शिडीवरून वर आल्या. पाणमास्तरांनी टाकी उतरवून घेतली आणि ते बाजूला जाऊन आपलं सामान धुऊ लागले. मी टॉवेल गुंडाळला. त्यांचे पाय कापत होते.

"थंडी वाजली का मॅडम?"

"नाही." मग म्हणाल्या, "म्या अंगठा दाखवला. त्याले वाटलं नेहमीसारखी चुकली. त्यानं पुन्हा विचारलं. म्या पुन्हा दाखवला. हालू न देता."

मी चिवडा पुढे केला. तो त्यांनी मुठीत धरला, खाल्ला नाही.

"आमच्या गावाले पायऱ्यांची विहीर होती," त्या म्हणाल्या. "आमच्या वस्तीले तिले शिवाची मनाई. माय घागर घेऊन काठावर उभी राह्यची. कोणी वरून ओतलं तं पाणी. दुसऱ्या आळीतले पोट्टे उन्हाळ्यात तिच्यात उड्या मारत. म्या दुरून तो आवाज ऐको. एक दिवस भर दुपारी कोणी नव्हतं. आठ वर्षांची असन म्या. उतरली. सगळ्यात खालच्या पायरीवर बसली अन् पाण्यात पाय घातले. बस, एवढंच. वरून कोणीतरी ओरडलं."

समोर समुद्र अगदी शांत होता.

"बाबाले हात जोडून माफी मागा लागली, समद्याइसमोर. घरी आल्यावर वाटलं मारतीन. मारलं नाही. नुसते माह्या पायाइकडे पाहत राह्यले. वल्ले होते अजून." त्यांनी टॉवेल ओढून घेतला. "आज त्या दाराशी गेली, आत अंधार, पाणी, अन् मले वाटलं आता वरून कोणीतरी ओरडन. पन्नास वर्षं झाली वं. म्या त्या विहिरीचं कोणाले सांगतलं नाही, लेकीलेबी नाही. मले वाटलं म्या विसरली."

बावीस वर्षं शेजारच्या टेबलावर बसून मला यातलं काही माहीत नव्हतं. मी त्यांचे पाय पुसले. त्या म्हणाल्या, "काहून वं, रडून राह्यली का तू? चिवडा खारट होईन."

मग पाणमास्तरांकडे पाहून हळूच म्हणाल्या, "त्यानं कारण नाही विचारलं. म्या सांगाले गेली तं म्हणते, परत फिरायले कारण लागत नाही, तो ज्याचा त्याचा हक्क हाय. असं कोणी बोललं नोतं मले आजवर." आणि थोड्या वेळानं, एकदम स्टाफरूमच्या आवाजात, "यवतमाळात गेल्यावर हे सांगू नोको. लोक म्हणतीन, एवढा गाजावाजा करून गेलती अन् दारातून परत आली."

मी वचन दिलं.

दोन दिवस वारा सुटला. समुद्र खडकावर आपटत होता, कोणालाच पाण्यात उतरता येत नव्हतं. मॅडम लेकीच्या घराच्या गच्चीवर बसून लाटा पाहत होत्या. परत जाण्याचं विमान तीन दिवसांवर आलं. लेक म्हणाली, "आई, पुढच्या वर्षी ये." मी मनात म्हटलं, सुटले. तिसऱ्या दिवशी सकाळी उठले तर मॅडम तयार, कॅनव्हासचे बूट घालून दारात उभ्या.

"चाल," म्हणाल्या. "वारा पडला."

पुन्हा बुडबुड्यांच्या दोन रांगा डावीकडे गेल्या. खडकापाशी थांबल्या. मी श्वास धरून बघत होते. आणि मग बुडबुडे यायचेच बंद झाले.

गुहेच्या छताखाली गेलं की बुडबुडे वर येत नाहीत, छतालाच अडतात, हे पाणमास्तरांनी मला आधी सांगितलं होतं. डोक्याला ते कळत होतं, बाकी कशालाच नाही. पाण्यावर काही नाही. खडकावर काही नाही. मी उभी राहिले. बसले. घड्याळ कानाला लावलं, ते चालू होतं. जवळ गळ टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्याला मी मराठीत विचारलं, "किती वेळ झाला हो?" त्यानं मला एक मासा दाखवला. मी त्या वेळात काय काय बोलून गेले असेन देव जाणे. यवतमाळच्या काळ्या दगडाचीही आठवण काढली.

मग एक बुडबुडा आला. त्यामागे पुष्कळ.

मॅडम शिडीवर दिसल्या. तोंडावरची काच वर केली तर नाकाखाली रक्त. मी अशी किंचाळले की म्हाताऱ्याच्या हातातली गळाची काठी पाण्यात पडली. पाणमास्तर हातानं सांगत होते, काही नाही, काही नाही, पाण्याच्या दाबानं होतं असं कधी कधी. आणि मॅडम हसत होत्या. इतक्या की शिडीची पुढची पायरी त्यांना चढता येईना.

"लिंबू!" त्या म्हणाल्या. "लिंबू गेलं वं!"

त्यांनी पाणमास्तरांना न सांगता जाकिटाच्या खिशात लिंबू टाकलं होतं. गुहेच्या आत पोचल्यावर, तीन मजले पाण्याखाली, या बाईंनी खडक तपासायला लिंबू बाहेर काढलं. ते हातातून सटकलं आणि सरळ वर जाऊन छताच्या एका खोल खाचेत अडकलं. पाणमास्तर एवढे हसले की त्यांच्या तोंडातली नळी सुटता सुटता राहिली. बोटं उंच केली तरी लिंबू हाताशी येईना. शेवटी ते तिथंच सोडून दोघं बाहेर आली.

रात्रीच्या जेवणाला लेकीनं विचारलं, "पण आई, आत काय पाहिलंस?" मॅडमनी खाचा कशा होत्या, छत कसं घासलेलं होतं, खालचे थर कोणत्या बाजूला झुकले होते, हे ताटात वरणाच्या बोटानं काढून दाखवलं. सगळं सांगून झाल्यावर म्हणाल्या, "अन् मागं वळून पाह्यलं तं दार निळं होतं. असा निळा म्या कोणत्या नकाशात पाह्यला नाही." मग भात मागितला.

यवतमाळात त्यांच्या आधी बातमी पोचली होती. वर्तमानपत्रात फोटो आला, बदकाच्या पंजांसकट. भाजीवाली कोथिंबीर फुकट देऊ लागली. कॉलेजनं सत्कार ठेवला. प्राचार्यांनी ओळख करून देताना मॅडमना 'विदर्भाची जलपरी' म्हटलं आणि पहिल्या रांगेतल्या उपप्राचार्यांनी पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतले. सभागृहाची फरशीही नवीन होती.

मॅडम उभ्या राहिल्या आणि पाऊण तास चुनखडीवर बोलल्या. स्वतःबद्दल अक्षर नाही. पंखे गरगरत होते, मागची दोन बाकं झोपली होती. शेवटी प्राचार्यांनी विचारलं, कोणाला काही प्रश्न?

मागून एक मुलगी उठली. तिला मी ओळखत होते. नागपूरला नर्सिंगला गेली होती आणि पंधरा दिवसांत परत आली होती. तिचं ते रडत परत येणं साऱ्या कॉलेजला माहीत होतं. ती उठताच बाकांवर खसखस पिकली.

"मॅडम," ती म्हणाली, "तुमाले भेव नाही वाटलं का?"

"नाही, नाही," प्राचार्यच म्हणाले, "मॅडमना कशाची भीती?"

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्या मुलीकडे. तिच्यावर हसणाऱ्या बाकांकडे. त्यांनी हातातला माइक तोंडाजवळ आणला.

"वाटलं ना," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी म्या गुहेच्या दारातून परत आली होती. पाय कापत होते. आत गेलीच नाही."

मी मान खाली घातली. वचन मी पाळलं होतं, मोडलं त्यांनी.

मुलगी उभीच होती. "मग कोणी हासलं नाही तुमाले?"

"तथी नाही हासत कोणी," मॅडम म्हणाल्या. "यवतमाळात हासतीन, म्हणून सांगाले चार महिने लागले."

मग सगळे हसले, प्राचार्यसुद्धा, आणि मॅडम सगळ्यांत मोठ्यानं. ती मुलगी हसली नाही. हसणं ओसरेपर्यंत थांबून तिनं विचारलं, "अन् मग दुसऱ्यांदा कशा गेल्या?"

मॅडमनी थोडा विचार केला. मला वाटलं आता काहीतरी मोठं वाक्य येणार. मी मराठीची, मी तर वाटच पाहत होते.

"वारा पडला," त्या म्हणाल्या, "अन् गेली."

कार्यक्रम संपल्यावर मी ऑटो थांबवून फाटकापाशी उभी राहिले. मॅडम येईनात म्हणून मागे वळून पाहिलं. त्या सभागृहाच्या पायरीवर बसल्या होत्या, गळ्यात सत्काराचा हार तसाच, आणि शेजारी ती मुलगी. मुलगी बोलत होती, आणि आयुष्यात मी पहिल्यांदाच मॅडमना इतका वेळ गप्प बसून ऐकताना पाहत होते. मी ऑटोवाल्याला म्हटलं, "चला भाऊ, त्यांना वेळ लागेल."